डाव्या हाताचं दार

१२ जानेवारी

ताई,

फोन करत नाहीये. फोनवर मी रडते, मग तू चिडतेस, मग मी चिडते, आणि शेवटी दोघी हवापाण्यावर बोलून ठेवून देतो. पत्रात निदान भांडण पूर्ण करता येतं.

तर भांडण असं आहे. माझ्या दारात बायका पाठवणारी तूच ना?

परवा दुपारी बेल वाजली. मी उघडणार नव्हते. सप्टेंबरात माझा नवरा गेला तेव्हा सगळे आले, ऑक्टोबरात थोडे आले, मग ज्याला त्याला आपापला संसार आठवला. त्याच्या नावाची पाटीसुद्धा मी दारावरून काढून ठेवलीय, येता-जाता वाचवत नव्हती. पण या बायका हटेनात. उघडलं तर एक उंच, बसच्या ड्रायव्हरचा गणवेश घातलेली. दुसरी बुटकी, बोटांवर फुलांच्या देठांचे हिरवे डाग. चार मजले चढून दोघी धापा टाकत होत्या. आमची लिफ्ट बंद आहे. लिफ्टचा मेकॅनिक ज्या इमारतीत राहत होता, तिथलीच लिफ्ट तो गेल्यावर बंद पडली, आणि कुणाला त्याचं काही नाही.

बुटकीने डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आम्ही चर्चच्या मंडळीतून आलोय. तुम्ही काही सांगायचं नाही, आम्ही काही विचारणार नाही. गरम आहे तोवर खा."

आणि उंच बाईने दारातच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. "प्रभू, या घरात आज जेवण होऊ दे. झोप लागू दे. या पायांना परत बळ दे. येशूच्या नावाने, आमेन." माझे पाय ठणठणीत आहेत. तुमच्या लोकांची बोलायची पद्धत असेल.

मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, तुझा देव तुझ्यापाशी ठेव. तो आजारी असताना तू रोज प्रार्थना केलीस. काय झालं त्याचं? आता मागच्या दाराने डबे पाठवतेस.

सूप बरं होतं. मीठ कमी होतं.

दंतवैद्य अजून साचे पाठवतोच आहे. मी एकही कवळी केलेली नाही. फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांग लागलीय आणि सगळे माझ्याकडे बघून दात काढतायत.

तुझी बारकी


२० जानेवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र शिवणखान्यात मशीनवर बसूनच वाचलं आणि गणवेशाच्या बाहीला खिसा लावून मोकळी झाले. सगळ्याजणी हसतायत. हसू देत. गेले चार महिने तू मला "जेवले" आणि "बरी आहे" याखेरीज काही सांगितलं नव्हतंस. आज सूप, मीठ, बसवाली, फुलवाली, जबडे. तुला कळतंय का तू किती लिहिलंस?

मीठ कमी आहे हे समजलं म्हणजे तुझी जीभ जागी झाली. माझं लेकरू गेलं तेव्हा मला सहा महिने सगळं पुठ्ठ्यासारखं लागायचं. तू तेव्हा रोज माझ्यासाठी काहीतरी तिखट करून आणायचीस आणि मी ते कचऱ्यात टाकायचे. हे तुला ठाऊक नव्हतं. आता झालं.

कुणी पाठवलं याची चौकशी करत बसलीस तर सूप निवेल. त्या परत आल्या का? काय आणलं? तू दार उघडलंस का? मला सगळं हवंय, अगदी बारीकसारीक.

त्याच्यासाठी मी प्रार्थना केली, आणि तो गेला. तू विचारतेस काय झालं त्याचं. मला माहीत नाही. मी त्याच्यासाठी मागत होते तेव्हाही माहीत नव्हतं. फक्त मागताना मी एकटी नव्हते, एवढंच मला माहीत आहे, आणि ते तुला कसं दाखवू ते कळत नाही.

डबा घासून परत दे. आपल्या घरातून रिकामं भांडं कळकट गेलं तर आई वरून बघेल.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ताई,

येतात. एक दिवसाआड. पहिल्यांदा मी डबा घेऊन दार लावायची. आता उंबऱ्यावर उभ्या राहून पाच मिनिटं गप्पा होतात. म्हणजे गप्पा त्या मारतात. बसवालीने परवा एका म्हाताऱ्या प्रवाशाची नक्कल केली, तो रोज चुकीच्या बसमध्ये चढतो आणि मग तिलाच रागावतो, की तू रस्ता का बदललास. मी हसले. माझा मलाच आवाज परका वाटला.

मी त्यांना सांगून टाकलं, "हे बघा, मी काही मानत नाही."

बसवाली म्हणाली, "भूक तर मानता ना? मग झालं."

मी विचारलं, "तुम्ही माझं नावसुद्धा विचारलं नाहीत, असं कसं?"

फुलवाली म्हणाली, तो त्यांचा नियम आहे. डबा घेऊन जाणाऱ्याने दारात एकही प्रश्न विचारायचा नाही. नाव नाही, काय झालं नाही, कधी झालं नाही. फार वर्षांपूर्वी त्यांच्यातली एक बाई वारली, तिने हा नियम घालून दिला. दुखावलेल्या माणसाला वाटीभर सूपासाठी आपली कहाणी सांगायला लागू नये, असं तिचं म्हणणं. ताई, तो गेल्यापासून मी ती कहाणी बँकेत सांगितली, पाणीपट्टीच्या खिडकीवर सांगितली, दंतवैद्याच्या बायकोला दोनदा सांगितली. या दोघींना एकदाही नाही.

आणि मग मी काय केलं असेल? रविवारी त्यांच्या चर्चपर्यंत गेले. आत नाही गेले, उगाच नाचू नकोस. बाहेरच्या कट्ट्यावर बसले. आत गाणं चाललं होतं. मागच्या रांगेतलं कुणीतरी भयंकर बेसूर होतं आणि तरी सगळ्यात मोठ्याने गात होतं. मला ते फार आवडलं.

आता खरं सांगते, कुणाला सांगू नकोस. मी त्याच्याशी बोलायला लागलेय. माझ्या नवऱ्याशी नाही, त्याच्याशी तर मी पहिल्यापासून बोलतेच. तुझ्या त्या प्रभूशी. बोलते म्हणजे भांडतेच. मला वाटायचं, विश्वास ठेवायचा म्हणजे प्रश्न गिळून टाकायचे. पण झालं उलटंच, माझ्या प्रश्नांना आत्ता कुठे पत्ता मिळालाय.

सोमवारी मी मेण वितळवलं आणि एक वरची कवळी लावायला घेतली. चांगली झाली. घासायचं यंत्र सुरू केलं तर इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकून मीच दचकले.

मला काय वाटतं सांगू? एवढ्या मोठ्या जगात कुणाला तरी माझं दार माहीत आहे. मी काही न सांगता माहीत आहे. हे एवढं जर खरं असेल, तर बाकीचंही खरं असू शकेल.

तुझी बारकी


१६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

मी नाचले. शिवणखान्यात, कटिंगच्या टेबलाभोवती. मुकादमबाईंनी विचारलं, काय झालं, मी म्हटलं, माझी बहीण कट्ट्यावर बसली. त्यांना वाटलं, तू पडलीबिडलीस.

आता मलाही एक सांगायचंय, आणि तू दार आपटू नकोस. त्या बायका मी पाठवल्या नाहीत. तुझ्या गावातली मंडळी मला ठाऊकही नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा लगेच "मी नव्हे" लिहायला हवं होतं. पण मला भीती वाटली, की तू शोधायला लागशील, कुणी पाठवलं, का पाठवलं, आणि या भानगडीत दार उघडायचं बंद करशील. म्हणून गुळमुळीत लिहिलं.

मी फक्त रोज एकच मागत होते, की कुणीतरी तिचं दार वाजवू दे. कुणाला सांगितलं नाही, कुणाला पत्ता दिला नाही. आणि बारके, दार वाजलं. मला गेले कितीतरी दिवस हे कुणाला तरी ओरडून सांगायचं होतं आणि सांगायचं कुणाला, तर तुलाच, आणि तुलाच सांगता येत नव्हतं.

आता त्या आल्या की तूच विचार. नियम त्यांचा आहे, तुझा नाही.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

विचारायची गरज पडली नाही.

काल लिफ्ट सुरू झाली. दुपारी मी डबा घासून, पुसून, हातात घेऊन दाराशी थांबले होते. लिफ्टचा दरवाजा सरकला, पावलं आली, मी कडीला हात घातला, आणि बेल वाजली ती समोरच्या दाराची.

आमच्या मजल्यावर दोनच दारं आहेत, समोरासमोर. बोळाच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला जिना. लिफ्टमधून आलं तर त्यांचं दार डाव्या हाताला. जिन्याने आलं तर माझं. त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, चौथा मजला, डावं दार. आणि लिफ्ट बंद होती म्हणून त्या जिन्याने आल्या.

समोर एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्यात, गणिताच्या. डिसेंबरात सामान आलं तेव्हा दाराच्या फटीतून पाहिलं होतं, तेवढंच. त्यांनीही अजून पाटी लावलेली नाही. दाराच्या भिंगातून बघितलं तर त्या चार पायांच्या काठीला धरून उभ्या होत्या. मांडीचं हाड मोडलंय, हे मला रखवालदाराने आज सांगितलं. मोडलं ते जानेवारीच्या सुरुवातीलाच.

बसवाली जरा गोंधळली. मग तिने डोळे मिटले. प्रभू, या घरात आज जेवण होऊ दे. झोप लागू दे. या पायांना परत बळ दे.

पाय, ताई. त्यांचे पाय.

एकही शब्द माझ्यासाठी नव्हता. सूप माझं नव्हतं. मी एका मोडलेल्या बाईचं जेवण दीड महिना खाल्लं आणि त्यावर एक देव उभा केला. तू म्हणतेस तुझी प्रार्थना ऐकली. कुणीतरी डावं-उजवं चुकलं, एवढंच झालंय.

आणि एक सारखं मनात येतंय. तो असता तर लिफ्ट एक दिवसही बंद राहिली नसती. त्या लिफ्टमधून आल्या असत्या आणि डाव्या हाताला वळल्या असत्या. म्हणजे त्या माझ्या दारात आल्या, कारण तो गेला. आता तूच सांग, तुझ्या देवाने त्याला यासाठी नेलं का? एका वाटी सूपासाठी?

मी दार उघडलं नाही. डबा अजून माझ्याकडेच आहे.

बारकी


४ मार्च

बारके,

नाही. हे आधी लिहिते, बाकीचं मग. नाही, नाही, नाही. यासाठी नेलं नाही. असं तू म्हणायचं नाहीस, आणि कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

माझं लेकरू गेलं तेव्हा एक बाई मला म्हणाली होती, देवाला तुला जवळ आणायचं होतं म्हणून त्याने असं केलं. मी तिचं तोंड वर्षभर पाहिलं नाही. नंतर मी विश्वासात आले, तरी तिचं ते बोलणं मला अजून पटलेलं नाही, आणि पटवून घ्यायची माझी इच्छा नाही. ज्याचा स्वतःचा मुलगा वधस्तंभावर मेला, तो कुणाचं माणूस मारून सूप पाठवत नाही. मरण आलं, ते वाईटच होतं. त्या वाईटातून तो वाट काढत तुझ्यापर्यंत आला असेल, तर तेवढं मी मानते. बंद लिफ्ट असली तरी जिना चढून.

आता दुसरं. तू म्हणतेस, ते तुझ्या नावाचं नव्हतं. अगं, माझ्या तरी नावाचं कुठे होतं? आपल्या हक्काचं म्हणून जर वाट बघत बसलो असतो, तर आपल्यातलं कुणीच आजवर जेवलं नसतं.

पण मी इथे मशीनवर बसून कितीही शहाणपणा लिहिला तरी उपयोग नाही. तुझ्या समोरच्या दारामागे एक बाई आहे. ती दीड महिना वाट बघत होती आणि कुणी आलं नाही. तिच्याकडे जा. शिव्या दिल्या तर खा. तू माझ्याशी इतकी वर्षं भांडलीस, तिच्याशीही जमेल.

आणि मला लगेच लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी ताई


९ मार्च

ताई,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. एकदम सांगायला गेले तर सगळं सांडेल, म्हणून क्रमाने लिहिते.

काल सकाळी मी तो डबा घेतला, त्यात भात आणि उकडलेल्या भाज्या भरल्या आणि समोरची बेल वाजवली. आतून आवाज आला, "उघडंच आहे. चोर असाल तर परत जा, काही नाही."

गणिताच्या बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. बारीकशा, पण नजर अशी की मला माझी न केलेली सगळी गणितं आठवली. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. डावं दार, जिना, लिफ्ट, डबा. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. तुमचं जेवण मी खाल्लं."

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मला वाटलं, लिफ्ट सुरू झाल्यावर कळलं असेल. म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून. चर्चच्या पाळकांच्या बायकोने फोन करून सांगितलं होतं, आज बायका येतील म्हणून मी दाराकडे कान लावून बसले होते. त्या आल्या आणि तुमच्या दारात माझ्या पायासाठी प्रार्थना करून गेल्या. या इमारतीच्या भिंती म्हणजे कागद आहेत. इथून हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं."

"मग मारली का नाही?"

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "मी इथे राहायला आले त्या रात्रीपासून तुमचं रडणं ऐकत होते. रोज. मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ते रडणं कसलं असतं मला ओळखता येतं, मीही माणूस पोचवलंय. तुमच्या दाराशी यायचं म्हणत होते, तोवर हा पाय मोडला. त्या दिवशी त्या डबा देऊन गेल्या आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडं वाजलं. तुम्ही जेवलात. रडणं काही लगेच थांबलं नाही, पण त्या यायच्या त्या दिवशी कमी असायचं. मग एकदा तुमचं हसणं ऐकलं. आणि एका सोमवारी ते यंत्र घरघरायला लागलं तेव्हा मी मोठ्याने आमेन म्हटलं. आता असं चाललेलं असताना मधेच ओरडून सांगू, की डबा इकडे आणा?"

ताई, मी डबा टेबलावर ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले.

पाळकांच्या बायकोने मधे त्यांना फोनवर विचारलं होतं, आमच्या बायका येतात ना? या म्हणाल्या, "हो, नेमाने येतात." मला सांगतात, "यात एक शब्द खोटा नाही."

मी म्हटलं, "पण तुम्ही उपाशी राहिलात. माझ्यासाठी."

"उपाशी कसली, दुकानवाला पाव आणून देत होता. आणि त्यात एवढं डोळे भरायला काय झालं? येशूने आपल्यासाठी काय केलं आणि मी काय केलं, जरा प्रमाण ठेवा. शिवाय त्या फुलवालीच्या सूपात कधीच मीठ नसतं, मी दोन रविवार चाखलंय."

मी एकाच वेळी रडत होते आणि हसत होते. मी इथे आठवडाभर कुढत बसले होते, की ते माझ्यासाठी नव्हतं, कुणीच मला उद्देशून काही पाठवलं नव्हतं. आणि भिंतीपलीकडे एक बाई मोडलेल्या पायाने, कोरडा पाव खात, दर दिवसाआड माझं जेवण मला पाठवत होती. तोंड बंद ठेवून. माझं दार कुणाला तरी खरंच माहीत होतं. ताई, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त खरं होतं ते.

मग दुपारी त्या दोघी आल्या. आम्ही दोन्ही दारं सताड उघडी ठेवली होती. मला त्यांच्या टेबलाशी बसलेली बघून बसवाली म्हणाली, "आम्हाला वाटत होतं, आधी दार उघडायची ती तुमची मुलगी." मग तिने फुलवालीकडे बघितलं, आणि नियम मोडला. "तुम्ही दोघी नक्की कोण?"

"पेशंट," गणिताच्या बाई म्हणाल्या. "दोघीही. वाढा."

सगळं सांगून होईपर्यंत फुलवाली पदराने तोंड दाबून हसत होती आणि बसवाली भिंतीला टेकून चक्क रडत होती. म्हणाली, "मी रोज रस्ता चुकणाऱ्या म्हाताऱ्याला हसते." मी दुसऱ्या खुर्च्या आणल्या. एकीच्या डब्यात चौघी जेवायचं ठरलं. वाट्या मांडल्या, सूप वाढलं, वाफ येत होती. बसवालीने डोळे मिटले, तेवढ्यात गणिताच्या बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. माझ्याकडे हनुवटीने खूण केली. "आज ही करेल."

मी म्हटलं, "मला येत नाही."

"तुमचं रोजचं भांडण मला भिंतीतून ऐकू येतं. तेच करा. फक्त आवाज जरा कमी."

तू लवकर ये, ताई. सुट्टी काढ, गणवेश थांबतील. पुढच्या महिन्यात मी बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरणार आहे, पाळकांशी बोलणं झालंय, आणि तू काठावर नसलीस तर मी उतरणार नाही.

मी काय प्रार्थना केली ते मला धड आठवत नाही. त्याच्यापासून सुरुवात केली, माझ्या नवऱ्यापासून. तो कसा शिट्टी वाजवत घरी यायचा, शेवटच्या दिवसांत त्याला किती दुखलं, मी किती रागावलेय, सगळं सांगितलं. कुणी मला थांबवलं नाही. थांबले तेव्हा सूप थंड झालं होतं, आणि तिघींपैकी कुणीही चमचा उचललेला नव्हता.

तुझी बारकी